शकूचा सोळा तुकड्यांचा बैल

रविवारची दुपार होती. जेवणं आटोपली होती. मांजर्लीच्या आमच्या घराच्या पडवीत ही बसली होती. शेजारी कोमट पाण्याचं भांडं, मांडीवर ओलं फडकं आणि हातात नातीच्या जोडचित्राचा लाकडी तुकडा. मला म्हणाली, "अहो, हे जरा घट्ट धरा. दोन तुकडे फुगून एकात एक अडकलेत." मी धरलं. तिनं सांध्यावर फडकं फिरवलं, हलकेच पिळलं आणि तुकडे सुटले. मी म्हणालो, "पोरीला खेळण्यांवरच भात भरवतेस, म्हणून डब्याला मुंग्या लागतात." ती म्हणाली, "बरं." एवढंच. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. मंगळवारी सकाळी चुलीपुढे बसली असताना तिच्या छातीत कळ आली. आमचा बाळू डॉक्टरला घेऊन येईपर्यंत ती गेली होती... आज दीड महिना झाला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. मी दुसरी यत्ता शिकलेला माणूस, मला गोल गोल लिहिता येत नाही. म्हणून आधीच सांगतो, मी तिच्यावर जळायचो. बाळूची मुलगी शकू रांगायला लागली तेव्हापासून आजीचीच झाली. मी अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात खोकी ठोकायचो. संध्याकाळी घरी येऊन हात पुढे केले की पोरगी हिच्या पदरात शिरायची. हीसुद्धा काडेपेट्यांचंच काम करायची, पण घरी बसून. मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची आणि दिवसभर पेट्या चिकटवायची. एवढ्या कामात पोरीला नादी लावायला तिला वेळ कुठून मिळायचा, देव जाणे.

शकू दोन वर्षांची झाली तेव्हा हिनं तिला जोडचित्र घ्यायचं काढलं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये टोपणदास म्हणून एक सिंधी कारागीर आहे. फाळणीनंतर इकडे आला आणि लाकडी खेळणी करायला लागला. मी दुकानात शिरताच म्हणालो, "वीस तुकड्यांचं दे, वर्षभर पुरेल." त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हिला विचारलं, "अदी, बच्ची डिब्बे का ढक्कन खुद लगाती है?"

"लावते, पण उलटं."

"तो तीन टुकडे."

तीन तुकड्यांचा मासा घेऊन आम्ही परतलो. पुढे पाच तुकड्यांचं घर आणलं. दर वेळी त्या दोघांचं अदी-अदी करत बोलणं चालायचं आणि मी बाहेर उभा. अदी म्हणजे बहीण, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. हिनं मला एकदा सांगितलं होतं, "शेवटचा तुकडा हातात घेऊन पोर थांबली पाहिजे. रडली तर तुकडे जास्त झाले. थांबलीच नाही तर कमी पडले." मी म्हणालो, "तो सिंधी शिकवतो वाटतं?" ती म्हणाली, "नाही. शकू शिकवते."

मग मला चेव आला. खोक्याची फळी आणली, कॅलेंडरवरचा बैल तिच्यावर चिकटवला आणि बारीक करवतीनं सोळा तुकडे कापले. शकूनं एक चोखला, एक भिरकावला तो माझ्या कपाळाला लागला, आणि मग भोकाड पसरलं. ही हसली नाही. म्हणाली, "थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या." मी म्हणालो, "माझ्या हातचं कधी काही आवडलंय का तुम्हा दोघींना? पुन्हा त्या खेळाला बसलो तर नाव सांगणार नाही." आणि खरंच बसलो नाही.

आठ दिवसांनी कारखान्यातून आलो तर पाटावर बैल पुरा जोडलेला. करवतीच्या सगळ्या रेघा दिसत होत्या. शकू म्हणाली, "आबा, तुझा बैल." मी फुगलो. दुसऱ्याच दिवशी मुद्दाम कॅम्प दोनला गेलो आणि टोपणदासला म्हणालो, "तुझे तीन तुकडे घाल चुलीत. माझी नात सोळा जोडते." तो म्हणाला, "वाह साईं," आणि कानस चालवत राहिला.

गेल्या रविवारी हाच टोपणदास भेटायला आला. चहा घेऊन झाला, तरी उठेना. मग म्हणाला, "साईं, बैल के अब कितने टुकडे हुए?"

"सोळा. मीच कापलेत ना."

त्यानं मान खाली घातली. "अदी ने बोला था, बताना मत. लेकिन अब आगे कौन करेगा? पहले चार थे."

तो गेल्यावर मी बैलाचा डबा घेऊन पहिल्यांदा जमिनीवर बसलो. तुकडे मोजले. नऊ. मोठ्या तुकड्यांवर माझ्याच करवतीच्या रेघा आणि रेघांत सुकलेली खळ. माझे सोळा तुकडे चिकटवून तिनं चार केले होते, आणि पोर शेवटच्या तुकड्याशी थांबेनाशी झाली की एक एक सांधा सोडवत आली होती. मोरचूद विषारी, आणि पोर तुकडे तोंडात घालते, म्हणून त्या खळीत ते टाकलं नव्हतं. मुंग्या खळीनं लागायच्या. भातानं नाही... त्या रविवारी मी हातात धरला होता तो असाच एक सांधा. मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? सिंध्याला माहीत, मला नाही. गेली तरी तिचा हेवा सुटत नाही. माझा बैल तिनं मला जिंकू दिला आणि वर माझी बोलणीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूनं बैल जोडला. नववा तुकडा न थांबता बसवला आणि उठून गेली. मी चुलीवर पाणी कोमट केलं. शिंगाचा तुकडा घेतला, फडकं भिजवलं, पण एका हाताचं ते काम नव्हतं. शकूला हाक मारली, "हे जरा घट्ट धर." तिनं दोन्ही हातांनी धरलं. सांधा सुटला. तिनं दोन्ही तुकड्यांवर फुंकर घातली आणि म्हणाली, "आजी अशी वाळवते." म्हणजे पोरीलासुद्धा ठाऊक होतं. घरात ठाऊक नसलेला मीच एकटा.

दहा तुकडे झाले. मी शेजारी बसून राहिलो. नऊ बसले. दहावा हातात घेऊन शकू थांबली.