पाचवं घर

गेल्या गुरुवारी मी माझ्या गुरूंना फसवायचा प्रयत्न केला. भर दुपारी, दत्ताच्या देवळात... आणि तोही बटाट्याच्या भाजीसकट.

झालं असं. आमचे गुरुजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वर्षातून एकदा खालापूरजवळच्या एका गावातल्या दत्ताच्या देवळात तीन दिवस राहतात, आणि त्यांना बदलापूरहून गाडीने पोचवायचं काम माझं. तिथे असेपर्यंत त्यांचा नियम एकच... मधुकरी. पाच घरी मागायचं, मिळेल ते झोळीत घ्यायचं, आणि तेवढंच जेवायचं.

यंदा गुडघ्याने संप पुकारला. देवळाच्या सात पायऱ्या चढताना गुरुजी तीनदा थांबले. मग झोळी माझ्या खांद्यावर अडकवून म्हणाले, "पंडित, आज तू."

मी संस्कृतचा मास्तर. 'ॐ भवति भिक्षां देहि' या एका वाक्यावर वर्गात तासभर बोलू शकतो. पण तेच कोणाच्या दारात उभं राहून म्हणायचं... छे! मला साधं पाणी मागता येत नाही.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी नेरळला असते, दर रविवारी फोन करून म्हणते, "बाबा, जेवायला या ना." मी दर रविवारी सांगतो, "अगं, आत्ताच कुकर लावलाय." कुकर बहुतेक वेळा पालथा असतो.

तर मी काय केलं... गाडी काढली ती थेट जवळच्या शिळफाट्याला, हायवेवर. एका पोळीभाजीवाल्याकडून तीन पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी घेतली. भिक्षा वाटावी म्हणून गाडीतच पोळ्या अर्ध्या-अर्ध्या केल्या. पाच अर्धुकं झोळीत, सहावं पोटात. एवढी बुद्धी मी एम.ए.लाही चालवली नव्हती.

गुरुजींनी पानावर झोळी रिकामी केली. लहान मूल चित्राचे तुकडे जुळवतं तशी शांतपणे अर्धीला अर्धी लावत गेले... दोन चंद्र पौर्णिमेचे झाले, एक अष्टमीचा राहिला.

"पाच घरच्या सुना," ते म्हणाले, "लाटणं मात्र एकच वापरतात वाटतं."

रागावले असते तर परवडलं असतं. ते नुसते काठी शोधायला लागले. "बस तू. मी जाऊन येतो." उठताना त्यांचा गुडघा वाजला, तो मला इकडे ऐकू आला. मी झोळी जवळजवळ हिसकावूनच घेतली. पोळ्या देवळातल्या कुत्र्याने खाल्ल्या... त्याला काही नियम नव्हता.

पहिल्या घरापुढे मी बराच वेळ त्यांच्या तुळशीकडे पाहत उभा राहिलो. शेवटी घरातल्या ताईच बाहेर आल्या. माझा इस्त्रीचा शर्ट बघितला, खांद्यावरची झोळी बघितली. माझं ते सुप्रसिद्ध वाक्य घशातून आलं ते आजारी माणसाच्या आवाजात.

"देवळातल्या म्हाराजांसाठी हाय का? मंग तसं सांग ना रं बाबा!" त्या आत गेल्या आणि तांदळाची भाकरी घेऊन आल्या. "घे बिनधोक. आज गुरुवार, घरात मच्छी नाय."

दुसऱ्या घरी वालाची भाजी मिळाली. तिसऱ्या घरी मूठभर भात, आणि "पुढच्या टायमाला लवकर ये" अशी समज.

चौथ्या घरी एक म्हातारी ओटीवर एकटीच जेवत होती. ताटात एक भाकरी, कोपरा तेवढा मोडलेला. तिने न मोडलेली बाजू तोडून झोळीत टाकली आणि विचारलं, "तू जेवलास का?"

"नाही आजी."

"घरी कोन हाय?"

"कोणी नाही... मुलगी आहे, नेरळला. पण तिला कशाला त्रास, म्हणून जात नाही."

तिने हातातला घास तसाच ठेवला. "अन् आमाला देतोस तो तरास चालतो व्हय रं?"

उभ्या आयुष्यात इतका बिनतोड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पाचव्या घराकडे पाय वळेना, तसाच देवळात परतलो.

गुरुजींनी झोळी पाण्यात बुडवून काढली. चव उरू नये म्हणून ते तसं करतात. पानावर तांदळाची भाकरी, वाल, भात सगळं एक झालं होतं.

"पाच घरं झाली?"

"चारच, गुरुजी." या वेळी खरं सांगितलं. आजी काय म्हणाली तेही सांगितलं.

त्यांनी माझ्यापुढेही एक पान सरकवलं. हात धुतल्यावर ओली झोळी पिळून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडेच राहू दे, उद्या येताना आण. पाचवं घर तुझ्या वाटेत आहे."

कर्जत मागे पडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. नेरळला मुलीच्या सोसायटीत गाडी लावली, तीन मजले चढलो. बेल वाजवायला मात्र त्या तुळशीपुढे लागला होता त्याहून जास्त वेळ लागला.

दार उघडून ती घाबरलीच. "बाबा? काय झालं?"

आलोच होतो इकडे, म्हटलं बघून जावं... असं एक वाक्य कर्जतपासून घोटून ठेवलं होतं. ते आलंच नाही.

"भूक लागलीय गं."

ती स्वयंपाकघरात गेली. आत पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि नाक ओढल्याचा. मी झोळी गॅलरीत वाळत घातली.

भाकरी एका कडेला जाड होती, दुसरीकडे करपलेली. कुठल्याही भाकरीशी जुळली नसती.

गुरुजी, पाच झाली.