शिडी न्हवं, शीड

हे कामाला हायत ती मालाची बोट तिकडं लढाईत अडकलीया, फोन लागंना, पोरगं काखेत रडतंय. आन् शेजारी सुतार सागवान कापाय बसलाय. त्या वासानं जीव एकदम कोरेगावला माहेरी गेला.

मी बारकी हुते तवा अंगणात असाच भुसा उडत हुता. आबा मला म्हनले, "असल्याच सागाचं इंग्रजांनी मुंबैत लढाईचं शिडाचं जहाज बांधलेलं. दोनशे वर्सं झाली, आजून तरंगतंय."

"त्याला शिडी कशाला, आबा?"

"शिडी न्हवं गं येडे, शीड. वारा धरायचं कापड."

"आन् वारा पडला तर?"

"तर वाट बघत बसायचं."

आमी लय हसलो.

ह्यांची बोट तर लोखंडाची, तिला वारा बी लागत न्हाई, तरी वाटच बघत बसलेय. मला आता ती शिडीच पायजे. बोटीला लावली असती आन् ह्यास्नी म्हनले असते, आवं, उतरा खाली.