आंब्याच्या रोपाचे काळे दोरे

केळीच्या बुंध्याशी पिलं फुटत राहतात, तसंच आमच्या निंदणीच्या बायकांचं. एक किस्सा उपटून टाकावा, तर शेजारी दुसरा उगवलेला! तापीकाठच्या या बागेत मी लग्न होऊन आले ती सातवी फायनल पास होऊन. त्यामुळे झाडापानांचं काही अडलं की सगळ्या माझ्याकडे बघायच्या, आणि मला धडकी भरायची.

*

माझी जाऊ जमना नवी नवरी असताना तिनं पंगतीसाठी केळीची पानं कापून आणली. एकाच ओळीतली, सगळीच्या सगळी! त्या ओळीला केळी धरली ती करंगळीएवढी. सासूबाई बोडक्या बुंध्यावर हात फिरवत म्हणाल्या, "पानं म्हंजे झाडन्या चुली, त्याच मोडी टाक्यात! आते घड काय खाई?"

*

बांगड्या भरायला येणाऱ्या अमीनाबींना मी एकदा पांढरी शेवंती दाखवली. तिचा देठ लाल रंगाच्या पाण्यात ठेवला होता. पाकळ्यांवर लाल शिरा उमटलेल्या.

"मूळ पाणी ओढतं, खोड ते वर पोचवतं," मी मास्तरांसारखं सांगितलं.

अमीनाबींनी फूल उलटसुलट करून पाहिलं. "अरी, ये तो रंगरेज के घर ब्याही गई!"

*

नवरात्रात घटाचं धान देवघराच्या अंधारात पिवळंधमक उगवतं. एका वर्षी जमनानं घट खिडकीत ठेवला, तर धान हिरवं झालं. सासूबाईंचा चेहरा उतरला. "देवी रुसनी का काय?"

"नाही हो, उजेड मिळाला. पान आपलं अन्न उजेडातच रांधतं," मी म्हटलं.

त्यांनी हिरव्या धानावरून बोट फिरवलं. "मंग आमनी देवी दरसाल उपाशीच ऱ्हायनी!"

*

माझं पहिलं मूल गेलं. दुसऱ्याची नाळ पुरली तिथे सासूबाईंनी आंब्याचं रोप लावलं. रोप तगलं तर पोर तगेल, अशी आमच्या घरातली समजूत. मग नजर लागू नये म्हणून प्रत्येकीनं त्याला काळा दोरा बांधला. मी बांधला, जमनानं बांधला, अमीनाबींनी दर्ग्यावरून आणून बांधला. बाळाला तर मी उंबऱ्याबाहेर काढतच नव्हते.

वर्षभरात रोपाची पानं पिवळी पडली. वाकून पाहिलं, तर दोरे सालीत रुतलेले. त्यांच्या वर खोड सुजलेलं, खाली काडीसारखं. पानांनी रांधलेलं सालीतूनच मुळांकडे उतरतं. इथे ती वाटच आवळली होती. पण दोरे कापायचे म्हणजे बाळाची राखण कापायची! कोणी पुढे होईना.

शेवटी मीच म्हटलं, "कापा."

सासूबाई विळा घेऊन बसल्या. "पोऱ्याले बाहेर आन. समोर धर."

मी बाळाला अंगणात आणलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. एकेक दोरा तुटत गेला. शेवटच्याला विळा टेकला, आणि बाळ शिंकलं!

विळा थांबला. ऐन कामात शिंक! जमनानं तोंडाला पदर लावला. माझ्या हाताखाली बाळाची छाती धडधडत होती.

सासूबाईंनी वर सूर्याकडे पाहिलं, मग डोळे मिचकावणाऱ्या नातवाकडे.

"ऊन लागनं म्हनून शिंकना पोऱ्या," त्या म्हणाल्या, आणि दोरा कापला. "आते घरमा नको लई जाऊ."