अण्णा बसले की बुश वाजत नाही

मी मोजणी खात्यात आहे. बांधावर दोन्ही बाजूंचे लोक देवाच्या, लेकराबाळांच्या शपथा घेतात... मी शपथा ऐकत नाही. मशीन लावतो, आकडा काढतो, नकाशावर मांडतो आणि शिव्या खाऊन घरी येतो. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी आजवर चहा पीत पीत, हसत वाचायचो. एक-दोघांच्या खाली उद्धट कॉमेंटही टाकल्यात, त्यांनी माफ करावं. आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे आणि मला हसू येत नाहीये.

आम्ही कळमनुरीचे. माझे वडील, म्हणजे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा नांदेडला डायलिसिस — सकाळी न्यायचं, दुपारी आणायचं. येताना त्यांच्यात मान धरायचाही जीव नसतो, बसने कसं आणणार? म्हणून एक जुनी गाडी घेतली. मागच्या सीटवर डाव्या बाजूला उशी लावून अण्णा बसतात. ती जागा त्यांचीच.

एक डायलिसिस चुकलं की अण्णांच्या फुफ्फुसात पाणी भरतं. एकदा चुकलं होतं... तो दम मी पाहिला आहे, पुन्हा बघायचा नाही. म्हणून गाडी रस्त्यात अडकता कामा नये, हे एकच माझ्या डोक्यात असायचं.

आणि गाडीचे बुश टिकेनात. बुश म्हणजे चाकाच्या सांध्यात लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून बसवलेली जाड रबरी बांगडी. आमच्याकडच्या रस्त्यांवर ती चार-सहा महिन्यांत फाटायची. मग मी व्हिडिओ बघून बघून पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे, बुश मागवले. हे रबरापेक्षा टणक असतात, लवकर फाटत नाहीत. आमचे मेकॅनिक मुजीबभाई म्हणाले, “साहेब, ये अपने धूल के रोड का माल नहीं.” पण मी ऐकतो कुणाचं? बसवायलाच लावले.

डब्यात एक छोटी पुडी निघाली. नव्या बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नका’ लिहिलेली असते तसली समजून मी ती फेकून दिली. तेच त्या बुशचं सिलिकॉन ग्रीस होतं, हे फार नंतर कळलं. तोवर मुजीबभाईंनी ट्रॅक्टरला मारतात ते ग्रीस गनने मारलं होतं. आमच्याकडे सगळ्याला तेच मारतात. दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवशी ग्रीसला धूळ चिकटली आणि डाव्या मागच्या चाकाकडून सुरू झालं — कुईं... कुईं... कर्रर्र.

काय सांगू तुम्हाला! स्पीडब्रेकर आला की कुईं. ऑफिसच्या गेटात वळलं की कुईं. खोबरेल घातलं, साबणाचं पाणी मारलं, जळकं ऑइल ओतलं... कशाला दाद नाही. माझी बायको सुनीता म्हणायची, “हॉर्न कशाला वाजवता, चौकात आलात की घरात कळतंय.” तिला गंमत वाटायची, माझा जीव टांगणीला लागायचा. सांधा निखळला आणि गाडी नांदेडच्या वाटेवर बाळापूरच्या पुढे कुठे आडवी झाली तर? मागे अण्णा असले तर?

पण गंमत अशी की अण्णा मागे बसले की आवाज बंद!

आधी लक्षात आलं नाही. मग सुनीतानेच दाखवून दिलं. नांदेडला जाताना-येताना गाडी अगदी चूप. अण्णांना घरी उतरवून गाडी लावायला निघालो की लगेच कुईं. मुजीबभाई म्हणाले, वजनाने बुश दबतो, म्हणून. बराबर आहे, पटलं. पण मी मोजणीवाला. अण्णांचं वजन दर डायलिसिसला होतं, मला पाठ होतं. तेवढ्याच वजनाचं हळदीचं पोतं त्याच जागी ठेवलं — कुईं. सुनीताला बसवलं — कुईं. मुजीबभाई स्वतः बसले — कुईं. अण्णांना बसवलं — चूप. मुजीबभाई बंपरवर पाय देऊन उड्या मारत होते आणि अण्णा आत बसून वैतागले होते. “अरे, काय लावलंय हे? मला उतरू द्या, न्हाईतर निघा तरी.”

आम्ही हसलो. तो विषय मी तिथे सोडून दिला.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना दम लागला. नांदेडला ॲडमिट केलं, आयसीयूत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून सांगितलं की कागदपत्रांना मूळ रेशनकार्ड लागेल, झेरॉक्स चालत नाही. कल्पनाताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, अण्णांजवळ बसवून मी कळमनुरीला आलो. कार्ड घेतलं, चहासुद्धा न पिता परत फिरलो. येताना कुईं, जाताना कुईं. बाळापूरजवळ ताईचा फोन आला, “लवकर ये रे. डॉक्टर काही सांगंनात, पडदा ओढून घेतलाय.”

मी गाडी दामटली. आयुष्यात कधी केला नाही तो देवाचा धावा चालला होता — एवढ्या वेळेस सोड रे, एवढ्याच वेळेस. सोबतीला ते कुईं कुईं. वारंगा फाटा मागे पडला. पुढे डोंगरकड्याच्या अलीकडे एक दांडगा स्पीडब्रेकर आहे. गाडी त्यावरून आदळली... आणि आवाज आला नाही.

पहिल्यांदा, खरं सांगतो, बरं वाटलं. गेली एकदाची कटकट! दुसरा स्पीडब्रेकर आला. चूप.

आरशात बघितलं. मागची सीट रिकामी. उशी आणि रेशनकार्डाची पिशवी, बाकी काही नाही. मी मुद्दाम डावी चाकं डांबरावरून खाली घातली, खड्ड्यातून नेली. गाडी हेलकावे खात होती आणि एक शब्द काढत नव्हती. जशी अण्णांना आणताना यायची, तशी.

मी गाडी थांबवली. भर अकराचं ऊन. लिंबाखाली एक बाई केळीचे घड लावून बसली होती. मी मागे गेलो, बंपरवर पाय दिला आणि उड्या मारायला लागलो. आवाज नाही. दोन्ही हातांनी गाडी हलवली. नाही. चाकाला लाथा घातल्या. “वाज ना! वाज की गं बये, वाज!” मी ओरडत होतो. ज्या आवाजासाठी मी सहा महिने डोकं फोडून घेतलं, त्याच आवाजाची भीक मागत होतो... रस्त्यावर, रडत.

मग काय सुचलं कोण जाणे, मी मागचं डावं दार उघडलं.

“अण्णा, उतरा.”

रिकाम्या सीटशी बोलत होतो, हो. मला कळत होतं की मी रिकाम्या सीटशी बोलतोय. “अण्णा, तिकडं ताई एकटी आहे. तुमी इथं काहून येऊन बसलात? खाली उतरा म्हणतो ना! उतरा!” शेवटचं तर मी त्यांच्यावर खेकसलोच. जन्मात त्यांना वर तोंड करून बोललो नव्हतो. त्यांना उतरवताना मी नेहमी एक हात टपावर ठेवतो आणि दुसरा त्यांच्या काखेत घालतो. तसाच उभा राहिलो, हात पुढे करून. काखेतल्या हाताला काही लागलं नाही. पण टपावरच्या हाताखाली गाडी वर आली. बोटभर. माणूस उतरला की येते तेवढी.

मी दार लावलं, बंपर दाबला.

कुईं...

मी खाली बसलो आणि हंबरडा फोडला. केळीवाली बाई तांब्या घेऊन आली. “काय झालं ओ भाऊ? कुणाला उतरवून राहिलात?” मी पाणी प्यालो, तांब्या परत दिला आणि गाडीत बसलो. पुढे नांदेडपर्यंत गाडी वाजत होती आणि मी प्रत्येक स्पीडब्रेकरवर जोरात घालत होतो, मुद्दाम.

दवाखान्यात ताई भिंतीला टेकून बसलेली. अण्णांचं हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून दाबून परत आणलं. तिने तेव्हाच मला तीनदा फोन लावला होता. माझा मोबाईल गाडीत होता, मी बाहेर उड्या मारत होतो. मिस्ड कॉल अकरा बावीसपासूनचे आहेत, अजून डिलीट केलेले नाहीत. तुम्ही म्हणाल योगायोग. म्हणा. मी सुद्धा तेच म्हणत होतो — दोन आठवडे.

दोन आठवड्यांनी अण्णा घरी आले. फारच खंगले होते, हाताला सुई टोचायला जागा उरली नव्हती. एका दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होतो. सुनीता आत. अण्णा डोळे मिटून पडलेले. मला वाटलं, झोपलेत.

“काहून उतरवलंस रे मला?”

मी म्हटलं, कुठं अण्णा?

“त्या केळीवालीपाशी. उन्हात.” डोळे मिटलेलेच. “जन्मभर मी लोकांला उतरवलं, पण असं वस वस करून न्हाई कुणाला. किती दिसांनी बरं बसलो होतो. दम न्हाई, खाज न्हाई, काही तकलीफ न्हाई...”

मी तोवर ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. ना ताईला, ना सुनीताला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. थकून.

“पुढच्या बारीला उतरवू नको, बाळा.”

मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो?

मुजीबभाईंनी सिलिकॉन ग्रीस आणून ठेवलंय. म्हणतात, एका तासाचं काम आहे, बुश खोलून लावलं की आवाज कायमचा जाईल. मी त्यांच्यावर विनाकारण डाफरलो. ती गाडी मी कुणाला खोलू देत नाही. कुणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा. टपावर ठेवलेल्या हाताचं मोजमाप कुठल्याच मशीनवर निघत नाही.

अण्णा आहेत अजून. उद्याही न्यायचंय. दर वेळी सुई टोचताना ते माझा हात धरतात. आता मी एकटा असलो की रेडिओ लावत नाही, काचा वर करतो आणि आवाज ऐकत गाडी चालवतो. मी त्यांना हो म्हणालो आहे. पण ज्या दिवशी गाडी गप्प होईल, त्या दिवशी मी पुन्हा दार उघडणार आहे, मला माहीत आहे... मी बापाशी खोटं बोललो आहे.