उजवा इंडिकेटर

गाडी लेन बदलणार की नाही, हे ती बदलायच्या आधी कसं ओळखायचं, हा माझा विषय. यवतमाळला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात हे करते. आमच्या तांड्यातल्या एका काकानं तोंडावरच विचारलं होतं, "याचा पगार देतेत तुले?" मला राग आला होता.

काम तसं डोकं उठवणारं. केळापूरजवळ हायवेवरून एक गावरस्ता पुलानं पलीकडे जातो, त्या पुलावर आम्ही एक कॅमेरा लावला. दुसरा मुकुटबनकडच्या दुभाजक नसलेल्या जुन्या रस्त्यावर, एका गोदामाच्या गच्चीत. मग घरी बसून व्हिडिओ बघायचा. कोणती गाडी कधी सरकली, त्याआधी तिनं काय केलं, पुढच्याच्या बुडाशी जाऊन चिकटली का, चाक पांढऱ्या पट्ट्याला लागलं का. अशा हजारो नोंदी दिल्या की कॉम्प्युटर आपल्या आपण अंदाज बांधायला लागतो. नोंदी करायला मात्र माणूसच लागतं, आणि तिथं माझा बा आला.

बा जन्मभर ट्रकवर. ट्रक सुटल्यावर त्यानं एक जुना टेम्पो घेतला, पण भाडं मिळायचं आठवड्यातून दोनदा, आणि रिकामा बसलेला बा म्हणजे घराला ताप. चहात साखर कमी, दार नीट लागत नाही, भाकर जाड झाली. शेवटी याडी, म्हणजे माझी आई, वैतागून म्हणाली, याला तुझ्या त्या गाड्या तरी दाखव.

घरात आम्ही गोरमाटी बोलतो. रस्त्याचं सगळं मात्र बा वऱ्हाडीतच बोलतो, ती भाषा त्याला ट्रकवर मिळाली. "आता थो घुसते पाय," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणायचा, आणि ट्रक खरंच घुसायचा. मी व्हिडिओ थांबवून विचारायची, तुले कसं समजलं? "ताडपत्री हालली, पाय ना बाई. गाडी सरळ दिसते, पण स्टेरिंग हाललं त्याचं." माझ्या मॉडेलला ताडपत्री ठाऊकच नव्हती. मला इतका आनंद झाला की मी त्याला रोजच बसवायला लागले. बा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कॉम्प्युटरपुढे बसायचा. तांड्यात सांगायचा, "पोरीच्या कॉलेजचं काम करून राह्यलो."

पावसाळ्यात मी त्याचे अंदाज आणि प्रत्यक्षात घडलेलं ताडून पाहिलं. मुकुटबनच्या रस्त्यावर तो क्वचितच चुकला होता. हायवेवरही बरोबर होता, एक गोष्ट सोडून. पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला की बा म्हणायचा, "साईड देऊन राह्यला. मागच्याले जा म्हनते." जुन्या रस्त्यावर तशी रीतच आहे. पुढच्याला समोरचा रस्ता मोकळा दिसतो, तो उजवा दिवा लावतो, मागचा बिनधास्त निघून जातो आणि जाताना आभाराचा एक छोटा हॉर्न वाजवतो. त्या दिव्याच्या भरवशावर बानं सारी उमर गाडी चालवली. पण चौपदरी हायवेवर तोच दिवा नवे ड्रायव्हर स्वतःसाठी लावतात. मी उजवीकडे येतोय, एवढाच त्याचा अर्थ. तिथं बाचा हा अंदाज जवळपास दर वेळी चुकला होता.

मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. चौपदरी रस्त्यावरच्या बाच्या 'साईड दिली' या नोंदी धरू नयेत. मॉडेल लगेच सुधारलं. बाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून आला, आणि मी त्याच्यापुढे नेहमीसारखा व्हिडिओ लावून दिला. स्वतःला म्हटलं, बाची गाडी पुसदच्या रस्त्यानंच तर असते, हायवेवर तो कशाला जातोय! हे खोटं होतं. त्याच हायवेनं पांढरकवड्याकडे त्याचं जाणंयेणं होतं, आणि ते मला माहीत होतं.

हिवाळ्यात बाच्या भाचीच्या साखरपुड्याला बा आणि याडी टेम्पोनं तिकडेच निघाले. हायवेवर डाव्या लेनमधल्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला. बानं टेम्पो उजवीकडे काढून पाय दाबला, आणि ट्रक त्याच्या अंगावर आला. टेम्पो ट्रक आणि दुभाजकाच्या मध्ये सापडला. बाला कपाळावर टाके पडले. याडी डाव्या बाजूला बसली होती. तिचा डावा हात कोपरापासून काढावा लागला.

त्यानंतर जो भेटायला येईल त्याला बा एकच सांगायचा, "साईड देऊन कापलं त्यानं मले. ड्रायव्हरनं ड्रायव्हरले कापलं." मी चहाचे कप फिरवत ऐकायची. रोज सकाळी याडीची वेणी घालायची, तेव्हा तिच्या मागं बसायला मिळायचं, याचं मला बरं वाटायचं. मला स्वतःची किळस येत होती.

एका दुपारी बानं विचारलं, "तुह्या कॅमेऱ्यात असे लोकं दिसत असतीन ना, साईड देऊन कापनारे? त्याइले पकडता नाई येत का?"

मग मात्र मला राहवेना. "बा, थो साईड देत नोता," मी म्हणाले. "त्या रस्त्यावर थो दिवा साईडचा नसते. थो सोताच इकडे येत होता." मी त्याला हायवेच्या व्हिडिओचे तुकडे एकामागून एक दाखवले. उजवा दिवा, आणि ट्रक उजवीकडे. चौथ्या तुकड्याला त्यानं चष्मा काढला.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"पावसाळ्यापासून."

"मंग सांगाचं नाई का?"

"तुले वाईट वाटलं असतं."

बा उठून अंगणात जाऊन उभा राहिला. मी पडदा बंद करायला वळले, तर याडी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एवढे महिने मी बाचाच विचार करत आले होते, त्याला काय वाटेल, तो मोडेल का. याडीनं आवाज चढवला नाही. आमच्या गोरमाटीत, नेहमीच्याच सुरात विचारलं, "त्याच्या बाजूला मी बसते, हे तरी माहीत होतं ना तुला?"