दोन जावयांत एक कार्ड

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, मला आवडत नाही. त्यालाही मी आवडत नाही. दोघांनीही हे कधी लपवलं नाही, त्यामुळे आमचं नातं अगदी स्वच्छ आहे. तो बाळकुमला टॉवरमध्ये राहतो, मी डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या इमारतीत. वयानं मी मोठा, पण त्याची बायको थोरली, म्हणून कल्याणच्या सासुरवाडीत तो थोरला जावई आणि मी धाकटा. पाट त्याचा आधी, ओवाळणं त्याचं आधी, आमरसाची वाटी त्याची आधी. लग्नापासून मी एका धाकट्या माणसाच्या मागून जेवतो आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी संत झालो असतो. पण देवानं आम्हा दोघांना छंदही एकच दिला. आमच्या शाळकरी वयात बबलगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या धावा आणि विकेटी. गम दोन मिनिटांत बेचव व्हायचा, कार्ड मात्र खिशात राहायचं. मोठेपणी, पोराबाळांची शिक्षणं उरकल्यावर, मी ती कार्डं पुन्हा जमवायला लागलो. ठाण्यातले रद्दीवाले, जुन्या वस्तूंचे रविवारचे बाजार, मित्रांच्या माळ्यांवरच्या पेट्या, काही सोडलं नाही. साडूला हे कळलं आणि पुढच्या महिन्यात तोही जमवायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "आम्ही केव्हापासूनच जमवतोय, तुमच्यासारखं सांगत फिरत नाही."

वर्षभरात आम्ही दोघं एकाच ठिकाणी येऊन अडकलो. कार्डांची मालिका पुरी व्हायला दोघांनाही एकच कार्ड हवं होतं, आणि तेही तेच. पाहुण्या संघातला एक गोरा, डावखुरा फिरकी गोलंदाज. आला, दोन सामने खेळला, मार खाल्ला, परत गेला. मोठ्या फलंदाजांची कार्डं पोरांनी जिवापाड जपली, याला कोण जपणार? सायकलच्या तारांत अडकवून फडफड वाजवायला हाच बिचारा वापरला जायचा. म्हणून आता तो कुठेच मिळत नव्हता. मला तो हवा होता, आणि खरं सांगायचं तर साडूच्या आधी हवा होता.

अशात कल्याणला सासऱ्यांच्या मित्रानं आपलं जुनं जनरल स्टोअर बंद केलं. पोटमाळा साफ करताना बबलगमच्या न फोडलेल्या पाकिटांचा एक खोका निघाला. सासऱ्यांनी मित्राला जावयांच्या वेडाबद्दल सांगितलेलं होतं, त्यानं खोका तसाच घरी पाठवून दिला. सासूबाईंनी तो देव्हाऱ्याखाली ठेवला आणि दिवाळीला दोघांना बोलावलं.

माझ्या सासूबाईंचं एक तत्त्व आहे: दोन जावयांत फरक करायचा नाही. टॉवेल द्यायचे तर एकाच ताग्यातले, शर्टपीस एकाच रंगाचे. एका वर्षी आम्ही दोघं लग्नाला एकाच कापडाचे शर्ट घालून गेलो आणि लोकांना बँडवाले वाटलो. त्या दिवशीही त्यांनी खोका मांडीवर घेतला, वर पदर टाकला आणि म्हणाल्या, "मी न बघता एकेक काढणार. एक थोरल्यांना, एक धाकट्यांना. मनासारखं आलं नाही तर तोंड वाकडं करायचं नाही."

सतरंजीवर मी आणि साडू समोरासमोर बसलो. जुनं पाकीट फोडणं हे नाजूक काम आहे. मेणकागद इतका ठिसूळ झालेला असतो की बोट लागलं की चुरा होतो. आतला गम खडूसारखा, त्याची साखर कार्डाला चिकटलेली, आणि कार्डं एकमेकांना चिकटलेली. ओढलं की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून येतो. मी शिवणाचा दोरा ताणून दोन कार्डांमधून हळूहळू सरकवत होतो. साडू नखानं सोलत होता, शेंगा सोलाव्यात तशी.

"दोरा घ्या हवा तर," मी म्हटलं.

"आमच्याकडे एसीत कार्डं राहतात, अशी चिकटत नाहीत. तुमच्या डोंबिवलीची हवा दमट."

"ही कल्याणच्या माळ्यावर होती. आणि खाडी तुमच्या गॅलरीखाली आहे, माझ्या नाही."

"खाडी नाही, क्रीक व्ह्यू आहे तो," माझी मेहुणी आतून म्हणाली.

तेवढ्यात साडूच्या नखाखाली एका यष्टिरक्षकाचं नाक निघालं. मी दुःखी चेहरा केला. तो चेहरा मला चांगला जमतो.

पाकिटं संपत आली तरी डावखुऱ्याचा पत्ता नव्हता. शेवटी खोक्यात एकच उरलं. सासूबाईंनी ते वर धरलं आणि त्या पेचात पडल्या. थोरल्याला दिलं तर धाकट्याला कमी, धाकट्याला दिलं तर थोरल्याचा अपमान. म्हणून त्यांनी ते सासऱ्यांना दिलं. सासऱ्यांनी ते दातांनी फाडलं. मी डोळे मिटले. उघडले तर ते गम चघळत होते.

"साखर अजून शाबूत आहे," ते म्हणाले, आणि हातातलं कार्ड चष्म्यापासून लांब धरलं. "हा कोण बुवा? डाव्या हातानं टाकतोय."

आम्ही दोघं एकदम उठलो. माझी मांडी पानाच्या तबकाला लागली, साडूचं डोकं झुंबराला. पुढची पंधरा मिनिटं मी विस्तारानं सांगत नाही, कारण त्यांत दोन पन्नाशी उलटलेली माणसं "आधी मी बघितलं" एवढंच वाक्य बोलत होती. साडूनं थोरलेपण काढलं. मी वय काढलं. त्यानं माझ्या पगाराचा विषय काढला, मी त्याच्या केसांचा. बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. माझी बायको तिच्या बहिणीला म्हणाली, "तुझा जास्त लाल झालाय."

सासूबाईंनी कार्ड काढून घेतलं. "माझ्या माहेरी गौरी पाळीनं फिरतात," त्या म्हणाल्या. "एक वर्ष थोरल्या भावाकडे, एक वर्ष धाकट्याकडे. प्रत्यक्ष गौरी फिरतात, मग या गोऱ्याला काय होतंय? या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत थोरल्यांकडे. मग धाकट्यांकडे."

कुणाकडे आधी, हे विचारायची सोय नव्हतीच.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझ्या बायकोला विचारा. दर शनिवारी साडूचा फोन यायचा. "पुरी मालिका बघायला या एकदा, साडूभाऊ. तुमची काय, एकानंच राहिलीय ना?" मी गेलो नाही. त्याचा संग्रह मी तोवर पाहिलेला नव्हता, आणि पुरा झालेला पाहायची हौस मुळीच नव्हती.

दुसऱ्या दिवाळीला तो कल्याणला आला तो काखेत एक जाडजूड ऑफिस फाइल घेऊन. कार्ड द्यायच्या आधी मला संग्रह दाखवून जाळायचं, असा त्याचा बेत. त्यानं फाइल माझ्या पुढ्यात उघडली, आणि मला एकदम घाम फुटला.

सगळी कार्डं लॅमिनेट केलेली होती.

आधार कार्ड करतात तशी. मार्कशीट करतात तशी. झेरॉक्सच्या दुकानात, गरम रुळातून काढून, दोन प्लास्टिकच्या मध्ये कायमची. चहूबाजूंनी बोटभर मोकळं प्लास्टिक सोडलेलं आणि डाव्या बाजूला त्याला दोन भोकं पाडून सगळी फाइलच्या तारेत ओवलेली. जगातला कोणताही जमवणारा ती फाइल पाहून भिंतीला धरून बसला असता. जुन्या कार्डाची सगळी किंमत त्याच्या मूळ कागदात असते, आणि या माणसानं त्या कागदाचं लोणचं घातलं होतं.

"आता पाणी लागू दे, वाळवी लागू दे," साडू म्हणाला. "शंभर वर्षं काही होत नाही."

मग त्यानं तारेतून डावखुरा सोडवला आणि माझ्या हातात दिला. तोही तसाच. दोन भोकांसकट, एखाद्या परिपत्रकासारखा.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

"सांभाळलं. तुम्हाला दिलं असतं तर बुरशी लागली असती." आणि मग हसून म्हणाला, "नको असेल तर काढा की प्लास्टिक. हिंमत असेल तर."

घरी आल्यावर मी ते कार्ड दिव्याखाली धरलं. माझ्या अल्बमच्या पानांना पारदर्शक खिसे आहेत, एका पानावर नऊ. कार्ड त्यांत जाईना, कारण भोवतीचं प्लास्टिक आडवं येत होतं. वर्षभर वाट पाहिलेलं कार्ड हातात, आणि खिसा रिकामाच. ठाण्यातल्या एका जुन्या जमवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, प्लास्टिक गरम करून सोलता येईलही, पण बहुतेक छपाई त्याच्याबरोबर निघून येईल, आणि हातात कोरा पुठ्ठा राहील. तेव्हा साडूची चाल माझ्या लक्षात आली. मी सोलायला जावं, कार्ड बिघडावं, आणि सासूबाईंसमोर त्यानं हात जोडून म्हणावं, बघा, मी वर्षभर जपलं, यांनी आठ दिवसांत घालवलं.

"इस्त्री मागू नकोस," बायको म्हणाली. तिला माझा चेहरा वाचता येतो.

मी इस्त्री मागितली नाही. मी स्टीलची पट्टी आणि नवं ब्लेड घेतलं आणि फक्त भोवतीचं मोकळं प्लास्टिक कापलं. आतलं सील सुटणार नाही एवढी बारीक किनार ठेवली, बाकी सगळं गेलं, दोन भोकांसकट. कार्ड माझ्या खिशात असं बसलं की हलेना. मालिका पुरी झाली. मी लगेच फोटो काढून साडूला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. भोकं गेलेली त्याला फोटोत दिसली नाहीत, आणि मी ती दाखवायला गेलो नाही. पुढचं अख्खं वर्ष मी त्या एकाच विचारावर आनंदात काढलं.

तिसऱ्या दिवाळीला, म्हणजे यंदाच, मी कल्याणला कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं फाइल उघडली, तार वर केली, आणि थांबला.

"कड कुठंय?"

"कापली."

"त्यात भोकं होती."

"होती."

"मग मी हे लावू कुठे?"

"तुमची पाळी आहे. तुम्ही ठरवा."

सासऱ्यांचा आणि माझा खरा स्नेह आहे, पण त्या क्षणी ते मदतीला धावले ते त्याच्या. "माझं पंचिंग मशीन कपाटात आहे," ते म्हणाले, आणि घेऊनही आले. लोखंडी, सरकारी, जाड दातांचं. साडूनं कार्डाची डावी कड मशीनच्या जबड्यात सरकवली. भोक पडलं असतं ते बरोबर गोलंदाजाच्या मनगटावर, चेंडू सुटतो तिथे.

त्यानं दाबावं असं मला फार वाटत होतं, म्हणजे जन्मभर मला त्याला ऐकवता आलं असतं. आणि दाबू नये असंही वाटत होतं, कारण पुढच्या दिवाळीला ते मनगट माझं होतं. साडूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी घालमेल दिसली असावी, कारण त्यानं बोट मशीनवर तसंच ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं.

"घाम आलाय तुम्हाला," तो म्हणाला.

"तुमच्याही कपाळावर आहे."

शेवटी त्यानं कार्ड जबड्यातून बाहेर काढलं. मशीन बाजूला सारलं. आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "ते तुमच्या अल्बमचं पान सुटं मिळतं का?"

"मिळतं. नऊ खिशांचं."

"मला एकच हवाय."

"कापून देत नाहीत."

"आणा मग एक."

"म्हणजे मागताय?"

"अहो धाकटे, द्या की," सासूबाई आतून म्हणाल्या.

पान माझ्या पिशवीत होतंच, मी ते वर्षभर आधी घेऊन ठेवलं होतं. ते मी दोन्ही हातांनी, मान झुकवून दिलं. त्या पानाला कारखान्यातूनच भोकं पाडलेली असतात, साडूच्या तारेत ते झक्क बसलं. त्यानं डावखुऱ्याला मधल्या खिशात घातलं. उरलेल्या आठ खिशांत त्याला काहीच घालता येईना, कारण त्याचं एकही कार्ड त्यांत मावत नाही. मावायचं तर कड कापावी लागेल, आणि कड कापली की ते त्याच्या फाइलमधून सुटणार.

तो फाइल उघडतो तेव्हा अगदी शेवटी माझं पान येतं, आठ खिसे रिकामे घेऊन. परवा फोन आला. म्हणाला, पुढच्या दिवाळीला कार्ड पोचतं करीन, पान परत मिळणार नाही. मी म्हटलं, राहू द्या, अजून लागली तरी सांगा.