कोअर नावाच्या फायली

सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लॅबमध्ये एकच मोठं मशीन, त्याला जोडलेले बारा टर्मिनल. मशीनवर लिनक्स होतं, एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून बसवलेलं. ते बसवता येणारी कॉलेजात मी एकटीच, त्यामुळे सगळे मला 'सिस्टीमवाल्या मॅडम' म्हणत आणि छताचा पंखा बंद पडला तरी मलाच बोलावत.

एका सोमवारी डिस्क भरली. कुणालाही काही साठवता येईना. नेमकी पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार होती. विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, कचरा काढून टाका. समितीसमोर मशीन स्वच्छ दिसलं पाहिजे."

डिस्कमधला कचरा समितीला दिसणार कसा, हे मी विचारलं नाही. त्याच आवाजात त्यांनी नुकतंच शिपायाला जिन्यातली जळमटं काढायला सांगितलं होतं.

मी आधी रीतसर नोटीस लावली: आपापल्या नको असलेल्या फायली काढून टाकाव्यात. तीन दिवसांत एकही फाईल कमी झाली नाही. नोटिशीतली शुद्धलेखनाची चूक मात्र कुणीतरी लाल पेनाने दुरुस्त करून ठेवली.

कचऱ्यात सगळ्यात जास्त जागा खाल्ली होती 'कोअर' नावाच्या फायलींनी. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम कोसळला, की त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे काही असेल ते 'कोअर' नावाच्या फायलीत ओतलं जातं. जाणकाराला त्यावरून कोसळण्याचं कारण शोधता येतं. आमच्याकडे जाणकार नव्हते, कोसळणारे प्रोग्रॅम मात्र मुबलक. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक खात्यात अशी एक तरी फाईल पडून होतीच.

मी सर्वाधिकार असलेल्या खात्यातून आत शिरले आणि एका ओळीचा हुकूम दिला: अख्ख्या मशीनवर जिथे 'कोअर' नावाची फाईल दिसेल तिथे ती पुसून टाक. आधी नुसती यादी काढून बघावी, मग पुसावं, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून द्यायचे. त्या दिवशी फळा माझ्या पाठीमागे होता.

डिस्क एकदम मोकळी झाली. विभागप्रमुखांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिव्हिलचे भूगर्भशास्त्राचे सर लॅबमध्ये आले. निवृत्तीला आलेले, पाटणकडचे. वर्गात अगदी छापील बोलायचे.

"मॅडम, माझा कोअर सापडत नाहीये."

मला वाटलं, यांचाही प्रोग्रॅम कोसळला. "सर, ते सगळे काल काढून टाकले मी. कचराच होता तो."

सर खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "कचरा? आवं मॅडम, कोयनेच्या खोऱ्यातल्या खडकांची नोंद हाय ती! दोन म्हैनं बसून टाईप केलंय मी!"

मग उलगडलं. जमिनीत खोल भोक पाडून खडकाचा जो लांब, नळीसारखा तुकडा बाहेर काढतात, त्यालाही कोअर म्हणतात. सरांनी अशा तुकड्यांची सगळी मोजमापं एका फायलीत भरली होती आणि तिला सरळ, प्रामाणिक नाव दिलं होतं.

पुसलेली फाईल परत मिळवायचा एक मार्ग पुस्तकात होता. त्याची पहिली अट, पुसल्यानंतर मशीनवर काहीही लिहू नये. सकाळपासून दोन बॅचची प्रॅक्टिकल झाली होती.

"सर, कॉपी ठेवली असेल ना कुठे?"

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून फ्लॉपी काढली. ती वाचलीच जाईना. त्याच पिशवीत खडकातलं लोह तपासायचं लोहचुंबक होतं, गेली कित्येक वर्षं.

शेवटी मीच म्हणाले, "सर, तुम्ही वह्या वाचा, मी टाईप करते."

पुढचे सहा दिवस दुपारी मी त्यांच्या खोलीत बसले. चारी बाजूंनी लाकडी पेट्या, पेट्यांत खडक. सर पावसात भिजलेल्या वह्यांतून आकडे वाचायचे, मी कीबोर्ड बडवायचे. पहिले दोन दिवस ते आकड्यांशिवाय एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मध्येच थांबले आणि वहीत बोट ठेवून मागची पानं उलटू लागले.

"काय झालं, सर?"

"या दोन भोकांची मापं मी उलटी भरली हुती मागं," ते हळूच म्हणाले. "ह्याचं त्याला, त्याचं ह्याला."

"म्हणजे आधीची फाईल चुकीची होती?"

"टाईप करा तुमी," सर म्हणाले.

अशा आणखी तीन चुका निघाल्या. स्टाफरूममध्ये मात्र सरांनी सगळ्यांना सांगितलं ते एवढंच, की सिस्टीमवाल्या मॅडमनी त्यांचं दोन महिन्यांचं काम एका ओळीत पुसलं. हे खरंच होतं, त्यामुळे मी मान डोलवली. राग नाही आला असं नाही, पण त्या चार चुका मी बोलून दाखवल्या असत्या तर माझी एक चूक काही लहान होणार नव्हती.

समिती आली. त्यांनी मशीनवरचं कव्हर किती स्वच्छ आहे ते पाहिलं, पडद्यांचा रंग विचारला आणि जेवायला गेले.

त्या दुपारी सरांची फाईल पुरी झाली. नाव काय द्यायचं, मी विचारलं. सरांनी जरा विचार करून आपल्या पत्नीचं नाव सांगितलं.

"हे पुसायची हिंमत मशीनची न्हाई," ते म्हणाले आणि त्या सहा दिवसांत पहिल्यांदा हसले. मी तीन फ्लॉप्यांवर कॉपी काढून दिली. दोन त्यांनी घेतल्या, तिसरी तुमच्याकडंच ठेवा म्हणाले.